तडजोड आणि फौजदारी खटला : आर्थिक फसवणुकीच्या गुन्ह्यांचा प्रश्न

सन १९१३ मध्ये म्हैसूर संस्थानात एक बँक स्थापन झाली. नाल्वडी कृष्णराज वडियार हे तेव्हा महाराजा होते आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेले हेच विश्वेश्वरय्या. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ‘बँक ऑफ म्हैसूर’ उभी राहिली. संस्थानातील व्यापारी, शेतकरी व नोकरदार यांच्या ठेवी एकत्र करून त्या उद्योगाला उपलब्ध करून द्याव्यात, हा तिचा हेतू होता. १९६० मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. विलीन होण्यापूर्वी ‘स्टेट बँक ऑफ म्हैसूर’ या नावाने ती ज्या मोठ्या वादात पक्षकार होती, तो किंगफिशर एअरलाइन्सच्या थकीत कर्जाचा वाद होय.

या विमान कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटात स्टेट बँक ऑफ म्हैसूरचाही समावेश होता. मार्च २०१६ मध्ये कंपनीचे प्रवर्तक विजय मल्ल्या देश सोडून गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयापुढे प्रस्ताव मांडण्यात आला की, सप्टेंबरपर्यंत ४,००० कोटी रुपये भरण्याची तयारी आहे. बँकांनी एप्रिलमध्ये तो नाकारला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी रुपये व त्यावरील व्याज वसूल करण्यास परवानगी दिली. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने मल्ल्या यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले आणि मे २०२० मध्ये पुन्हा प्रस्ताव आला : सर्व कर्ज परत घ्या आणि प्रकरण बंद करा.

या शेवटच्या वाक्यातील ‘आणि’ हे अव्यय या लेखाचा विषय आहे. पैसे परत करणे ही एक गोष्ट आणि फौजदारी प्रकरण बंद होणे ही दुसरी. पहिलीच्या मोबदल्यात दुसरी मिळावी काय? भारतीय कायद्यात याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते कोणत्या टप्प्यांतून घडत गेले, हे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी क्रमाने समजून घेणे इष्ट ठरेल.

कायद्याचे मूळ धोरण

दिवाणी दावा हा दोन पक्षांमधील असतो. तो त्यांनी केव्हाही मिटवावा. फौजदारी खटल्यात मात्र एका बाजूला राज्यसंस्था उभी असते. गुन्ह्याने व्यक्तीची हानी झाली असली तरी तो समाजाविरुद्ध केलेला अपराध मानला जातो. म्हणूनच ज्याचे नुकसान झाले त्याने क्षमा केली, एवढ्याने खटला आपोआप संपत नाही.

हे तत्त्व आपल्या कायद्यात किती जुने आहे, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खालील एका दृष्टान्तावरून दिसते. एकाने दुसऱ्याविरुद्ध लुटीचा खटला भरला आहे. खटला मागे घेण्याचे वचन पहिला देतो आणि लुटलेल्या वस्तूंची किंमत परत करण्याचे वचन दुसरा देतो. असा करार शून्य आहे, असे कायदा सांगतो, कारण त्याचे उद्दिष्टच बेकायदेशीर आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २१३ व २१४ नेही (भारतीय न्याय संहितेत कलम २५० व २५१) गुन्हेगाराला वाचविण्यासाठी मोबदला घेणे वा देणे हा अपराध ठरविला. येथे मोबदल्यात मालमत्ता परत घेण्याचाही समावेश होतो, ही बाब सहसा वाचकाच्या नजरेतून सुटते. मात्र जो गुन्हा कायद्यानेच आपसात मिटविता येतो, त्याला हा नियम लागू नाही.

कोणते गुन्हे आपसात मिटविता येतात? फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३२० मध्ये याचे दोन तक्ते होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांची जागा कलम ३५९ ने घेतली. पहिल्या तक्त्यातील गुन्हे पीडित व्यक्ती स्वतःहून मिटवू शकते. दुसऱ्या तक्त्यातील गुन्ह्यांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. फसवणूक, म्हणजे जुने कलम ४२० आणि न्याय संहितेतील कलम ३१८ (४), दुसऱ्या तक्त्यात येते. गुन्हा मिटला की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. परंतु मौल्यवान दस्तऐवज बनावट तयार करणे, फसवणुकीसाठी बनावट कागद करणे, बनावट कागद खरा म्हणून वापरणे (जुनी कलमे ४६७, ४६८, ४७१) हे गुन्हे कोणत्याच तक्त्यात नाहीत. आणि या तक्त्यांबाहेरचा गुन्हा मिटविता येणार नाही, असे संहिता स्पष्ट शब्दांत सांगते.

खरी अडचण येथेच आहे. बँकेच्या फसवणुकीत केवळ खोटे बोलून कर्ज उचलले, असे क्वचितच घडते. खोटी बिले, खोटी खरेदीखते, फुगविलेले मूल्यांकन यांचा आधार घेतलेला असतो. म्हणजे फसवणूक मिटविण्याजोगी, पण ती ज्या साधनाने केली ते साधन मिटविण्याजोगे नाही.

मुंबईतील दोन खटले

या अडचणीतून वाट काढण्यासाठी उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आधार घेण्यात आला. जुन्या संहितेचे कलम ४८२ (नव्या संहितेचे ५२८) सांगते की, न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग रोखण्यासाठी व न्यायाची उद्दिष्टे साधण्यासाठी उच्च न्यायालय आवश्यक तो आदेश देऊ शकते. २००३ मध्ये ‘बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य’ या वैवाहिक कलहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कलम ३२० ची मर्यादा या अधिकाराला अडवीत नाही. घरगुती वादापुरता हा निर्णय सर्वांना पटण्याजोगा होता. आर्थिक गुन्ह्यात त्याचा उपयोग झाला तो मुंबईच्या एका प्रकरणात.

‘निखिल मर्चंट विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग’ (२००८) हे ते प्रकरण. मुंबईतील एका कंपनीला आंध्र बँकेने कर्ज दिले होते. कर्ज थकले, बँकेने वसुलीचा दावा लावला आणि निधी इतरत्र वळविल्याची तक्रारही केली. कटकारस्थान, फसवणूक व बनावट दस्तऐवज या कलमांखाली आरोपपत्र दाखल झाले. त्यात बँकेचे अधिकारीही होते. पुढे वसुलीचा दावा संमतीच्या अटींवर निकाली निघाला. परस्परांवरील आरोप मागे घेतल्याचे त्या अटींत नमूद होते. मुंबई उच्च न्यायालयाने खटला रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वादाचे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे, तडजोडीनंतर खटला चालविणे निष्फळ ठरेल आणि तांत्रिकता न्यायाच्या आड येऊ नये, असे त्यामागील कारण होते.

या निर्णयाबद्दल पुढे न्यायालयातच शंका उपस्थित झाली आणि प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. २४ सप्टेंबर २०१२ रोजी ‘ज्ञान सिंह विरुद्ध पंजाब राज्य’ या प्रकरणात त्याचा निकाल लागला. परीक्षेच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. गुन्हा आपसात मिटविणे आणि उच्च न्यायालयाने खटला रद्दबातल ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात स्पष्ट करण्यात आले. पहिली पक्षकारांच्या इच्छेवर व तक्त्यावर अवलंबून आहे, तर दुसरी न्यायालयाच्या विवेकावर. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासारख्या विशेष कायद्यांखालील लोकसेवकांचे गुन्हे तडजोडीने संपू शकत नाहीत. मात्र व्यापारी, वित्तीय, भागीदारीविषयक अशा, मुख्यतः दिवाणी छटा असलेल्या वादात खटला रद्द करता येईल.

‘दिवाणी छटा’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण तो मोजण्याचे माप नाही. दोन वर्षांतच त्याची कसोटी लागली, आणि तीही मुंबईतील प्रकरणावरच. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध विक्रम अनंतराय दोशी’ (२०१४) या प्रकरणात बनावट कागदपत्रांच्या आधारे पतपत्रे मिळवून बँकांकडून रक्कम उचलल्याचा आरोप होता. पैसे भरले गेले, बँकेने येणे बाकी नसल्याचा दाखला दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. या वेळी राज्य शासन अपिलात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश फिरविला. अशा व्यवहाराने वित्तीय संस्थांच्या प्रकृतीला धक्का पोहोचतो आणि तो समाजाविरुद्धचा अपराध आहे. येणे बाकी नसल्याच्या दाखल्याने तो पुसला जात नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. शहर एक, बँक व कर्जदार यांचे नाते एक, आरोपांचा साचा जवळजवळ एक. निकाल मात्र उलट. फरक पडला तो दृष्टीचा. २००८ मध्ये न्यायालयाने बँक व कर्जदार यांच्याकडे पाहिले, तर २०१४ मध्ये बँकेच्या मागे उभ्या असलेल्या ठेवीदाराकडे. ४ ऑक्टोबर २०१७ च्या ‘परबतभाई आहिर विरुद्ध गुजरात राज्य’ या निर्णयात न्यायालयाने आपल्या तत्त्वांची जी यादी दिली, तिच्या शेवटी हीच दुसरी दृष्टी नोंदविली आहे : राज्याच्या आर्थिक आरोग्याशी निगडित गुन्ह्यांचे परिणाम केवळ दोन खाजगी पक्षांपुरते नसतात.

तथापि वाद तेथेही थांबला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘के. भारती देवी’ प्रकरणात बँकेशी एकरकमी तडजोड झाल्यामुळे खटला रद्द झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘अनिल भवरलाल जैन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची कलमे असल्याने, तडजोड होऊनही नकार मिळाला. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टर्लिंग बायोटेक समूहाच्या प्रवर्तकांच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने ५,१०० कोटी रुपये भरल्यास सर्व फौजदारी कारवाई संपविण्याची मुभा दिली. प्रवर्तक परदेशी होते आणि बँकांचा पैसा परत मिळविणे हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. हा आदेश त्या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीपुरता असून तो पूर्वदाखला समजू नये, असेही न्यायालयाने त्यात लिहिले. परंतु पूर्वदाखला नाही असे लिहून एखादा आदेश लोकांच्या, विशेषतः पुढच्या आरोपीच्या वकिलाच्या, स्मरणातून जात नसतो.

तडजोडीची बाजू

तडजोडीला मुभा असावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी लेखता येत नाही. अनेक फौजदारी तक्रारी मुळात वसुलीसाठीच दाखल होतात. दिवाणी दावा वर्षानुवर्षे रखडतो. पोलीस ठाण्याची नोटीस आली की समोरचा माणूस लगेच बोलणी करू लागतो. अशा तक्रारीत पैसे मिळाल्यानंतर तक्रारदार साक्षीला येत नाही, आला तरी उलटतो. असा खटला पुढे रेटून न्यायालयाचा वेळ जातो आणि आरोपी बहुधा सुटतोच. शिवाय धंदा बुडणे आणि फसवणूक करणे यांतील सीमारेषा प्रत्येक प्रकरणात ठळक नसते. जेथे सुरुवातीपासून फसविण्याचा हेतू नव्हता तेथे फसवणुकीचा गुन्हाच घडत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

धनादेश न वटण्याच्या गुन्ह्यात कायद्याने ही बाजू उघडपणे स्वीकारली आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ नुसार हा गुन्हा केव्हाही मिटविता येतो. ‘दामोदर प्रभू’ प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक शिस्त लावली : तडजोड जितकी उशिरा, तितका खर्चाचा बोजा अधिक. सुरुवातीच्या तारखांना काही नाही, नंतर दंडाधिकाऱ्यासमोर धनादेशाच्या रकमेच्या १० टक्के, सत्र वा उच्च न्यायालयात १५ आणि सर्वोच्च न्यायालयात २० टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात हे दर कमी करून अनुक्रमे ५, साडेसात व १० टक्के करण्यात आले आणि बचावाचा पुरावा नोंदविण्यापूर्वी तडजोड झाल्यास काहीच खर्च लागू नये, असे ठरले. या गुन्ह्यात पीडित कोण, हे निश्चित असते. तो समोर उभा असतो आणि रक्कम कागदावर लिहिलेली असते. म्हणून ही व्यवस्था तेथे शोभते.

पीडित कोण?

बँकेच्या बाबतीत हाच प्रश्न बिकट होतो. एकरकमी तडजोडीवर बँकेचा अधिकारी सही करतो, पण पैसा त्याचा नसतो. बहुतेक तडजोडींत बँक काही रक्कम सोडून देते. ती ठेवीदारांच्या व्याजातून, इतर कर्जदारांच्या व्याजदरातून किंवा, सरकारी बँक असल्यास, अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या भांडवलातून भरून निघते. म्हैसूरच्या एखाद्या शाखेत निवृत्तिवेतन ठेवणाऱ्या शिक्षकाला त्या तडजोडीच्या बैठकीला कोणी बोलाविलेले नसते. मग त्याच्या वतीने गुन्ह्याची क्षमा करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे कोठून आला? बँकेला येणे सोडून देण्याचा अधिकार आहे. गुन्हा सोडून देण्याचा नाही, असे म्हणणे येथे अधिक सयुक्तिक ठरते.

रिझर्व्ह बँकेने हीच रेषा आखली आहे. ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना हेतुपुरस्सर कर्ज बुडविणारे व फसवणूक करणारे यांच्याशीही तडजोड करण्याची मुभा दिली, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. परंतु त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की, अशा कर्जदारांविरुद्ध सुरू असलेल्या फौजदारी कारवाईला बाधा न येता ही तडजोड व्हावी. म्हणजे बँकेने आपला पैसा वसूल करावा आणि खटल्याने आपल्या मार्गाने जावे.

ठेवीदार शेकडो वा हजारो असतात तेव्हा आणखी एक गुंता निर्माण होतो. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मुंबईच्या बाजारात ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण अधिनियमाखाली (एमपीआयडी) त्यात कारवाई झाली आणि २२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम त्या बाजाराला लागू असल्याचे मान्य केले. २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने ५,६८२ व्यापाऱ्यांसाठी १,९५० कोटी रुपयांची तडजोड योजना मंजूर केली. अशा योजनेत बहुमत अल्पमताला बांधते आणि पैशाच्या वाटपासाठी ते योग्यच आहे, अन्यथा एकटा माणूस सर्वांना अडवून धरील. पण नव्वद जणांनी हात वर केले म्हणून उरलेल्या दहा जणांवर झालेला अपराध मिटतो काय? कंपनी कायद्यातील बहुमताचा नियम फौजदारी कायद्यात आणून बसविता येणार नाही. बारा वर्षे वाट पाहून थकलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा भाग निराळाच.

याला एक कायदेशीर पदरही आहे. जुलै २०२२ च्या ‘विजय मदनलाल चौधरी’ निर्णयानुसार मूळ गुन्ह्यात आरोपी निर्दोष ठरला किंवा तो खटला रद्द झाला, तर त्यावर आधारलेला मनी लाँडरिंगचा खटलाही उभा राहू शकत नाही. म्हणजे बँक व कर्जदार यांच्यातील एका करारपत्राने सक्तवसुली संचालनालयाचा, ज्यात बँक पक्षकारही नाही असा, खटलाही कोसळू शकतो.

पैसा परत, खटलाही चालू

तडजोड नाकारली तर पैसा बुडेल, असा समज या चर्चेत गृहीत धरला जातो. तो पूर्णतः खरा नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ (८) नुसार जप्त मालमत्ता खटला चालू असतानाच हक्कदाराला परत देता येते. किंगफिशर प्रकरणात याच मार्गाने सरकारी बँकांना १४,१३१ कोटी रुपयांहून अधिक मूल्याची मालमत्ता मिळाल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. २०१६ च्या ४,००० कोटींच्या प्रस्तावाशी हा आकडा ताडून पाहावा. न्यायाधिकरणाने ठरविलेल्या रकमेपेक्षा वसुली अधिक झाली, अशी तक्रार मल्ल्या यांनी त्यानंतर केली. मूळ आरोपांवर मात्र २०२५ अखेरपर्यंत निकाल लागला नव्हता.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने हाच विचार सर्वसाधारण गुन्ह्यांना लागू केला. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत ती पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वाटप ६० दिवसांत व्हावे, अशी तरतूद आहे. जिल्हा प्रशासनावर पडणारा हा नवा भार राज्यसेवेच्या उमेदवारांनी विशेष ध्यानात ठेवावा.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे २०१४ पासून कंपनी व सरकारी अभियोक्ता यांच्यात खटला स्थगित ठेवण्याचा करार होऊ शकतो. मात्र तो उघड न्यायालयात न्यायाधीशाने मान्य करावा लागतो, कंपनीला गैरकृत्यांची तपशीलवार नोंद मान्य करावी लागते आणि सवलत कंपनीला मिळते, व्यक्तीला नाही. जानेवारी २०१७ मध्ये रोल्स-रॉइस कंपनीने अशा करारान्वये सुमारे ४९.७ कोटी पौंड भरले. दोन वर्षांनी व्यक्तींविरुद्धचा तपास मात्र कोणावरही खटला न भरताच बंद झाला, त्यामुळे या पद्धतीवर तेथेही टीका होते. आपल्याकडील तडजोडीत मात्र गैरकृत्याची कबुली कोठेच द्यावी लागत नाही. उलट ‘आरोप मागे’ असे लिहून घेतले जाते.

जामिनाच्या टप्प्यावर हाच व्यवहार आणखी लहान प्रमाणात चालतो. साताऱ्यातील सुमारे १ कोटी ६० लाख रुपयांच्या अपहाराच्या प्रकरणात आरोपीने २५ लाख रुपये भरण्याची हमी देऊन उच्च न्यायालयातून जामीन मिळविला, सुटल्यावर रक्कम भरली नाही आणि जामीन रद्द झाल्यावर ती अटच जाचक असल्याचा युक्तिवाद केला. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका ५० हजार रुपये खर्चासह फेटाळली आणि यापुढे कोणत्याही न्यायालयाने पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नये, जामिनाचा निर्णय गुणदोषांवरच घ्यावा, असे निर्देश दिले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच ५,१०० कोटींचा आदेश निघाला. या दोन आदेशांची संगती कशी लावावी, हा प्रश्न मुख्य परीक्षेत विचारला गेल्यास उत्तराचा प्रारंभ ज्ञान सिंह निर्णयातील त्या एका भेदापासून करावा : मिटविणे पक्षकारांच्या हाती, रद्द करणे न्यायालयाच्या.